भैरवनाथाच्या छातीवरचे भोक

आमच्या गावच्या भैरवनाथाच्या सभामंडपात जत्रेचे भिंतभर चित्र रंगवले गेले आणि त्यात मला शेळीएवढे दाखवण्यात आले. ही वस्तुस्थिती प्रारंभीच नमूद करतो, कारण पुढील सर्व पत्रव्यवहार तिच्यातूनच उद्भवला.

चित्रात मधोमध छताला भिडलेला भैरवनाथ, मागे सोनेरी प्रभावळ. त्याच्या खालोखाल काठीचे मानकरी, मग पालखीचे, मग देवस्थान समितीचे अध्यक्ष. ज्याचा जेवढा मान, तेवढे त्याचे माप. आणि अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, हातात कागद धरलेला एक चष्मेवाला वृद्ध. कर्जतच्या न्यायालयात उभी हयात कारकुनी केलेला, गावातील प्रत्येक बेकायदा कृत्याविरुद्ध अर्ज करणारा दुसरा चष्मेवाला आमच्या गावात नाही. शेजारी शेळी होती.

पत्नीने चित्र जवळून पाहिले. "अहो, उगाच काय चिडता? शेळीपेक्षा चार बोटं उंच आहात."

त्याच दुपारी मी समितीकडे हरकत दाखल केली. मुद्दा पहिला : जवळचे मोठे व दूरचे लहान दिसते, हा यथादर्शनाचा नियम आहे, मी सर्वांत पुढे उभा असल्याने चित्रात सर्वांत मोठा मीच असणे प्राप्त आहे. मुद्दा दुसरा : आकाश सोनेरी आहे, असे आकाश आमच्या हद्दीत कोणीही पाहिलेले नाही. मुद्दा तिसरा : एकच पालखी एकाच भिंतीवर देवळातून निघतानाही दिसते आणि परततानाही, एक पालखी एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. मुद्दा चौथा : देवाच्या छातीवर भोक आहे. शेवटी लिहिले की ही मध्ययुगीन रीत असून युरोपने ती रेनेसान्सच्या काळातच मोडीत काढली.

माझ्या अर्जांना सहसा उत्तर येत नाही. या वेळी अध्यक्ष स्वतः घरी आले.

"तात्या, तुमच्या अर्जाला पैल्यांदाच मान दिला बगा. ठराव केला. सोमवारी भिंतीला चुना, त्येच्यावर फ्लेक्स."

मला अतिशय आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. तो एक दिवस टिकला.

अर्जाला पुरावा जोडायला हवा म्हणून मी तालुक्याच्या वाचनालयातून इटलीच्या चित्रकलेवरील जाडजूड सचित्र पुस्तक आणवले होते. मध्ययुगीन रीत मोडीत काढल्याचा पृष्ठक्रमांक तेवढा उतरवून घ्यायचा होता. तो पृष्ठक्रमांक त्या पुस्तकात नव्हता. जे होते ते भयंकर होते. रेनेसान्सच्या चित्रकारांनी जुन्या मंडळींचे काहीच टाकून दिलेले नव्हते. संतांच्या डोक्यामागची सोन्याची थाळी पुढे झिजत झिजत बारीक कडे झाली, पण डोक्यामागून हटली नाही. चर्चमधील वेदीवरच्या जुन्या चित्रात बाळ घेतलेली माता मधल्या फळीवर आणि संत बाजूच्या फळ्यांवर असत. नव्यांनी फळ्या काढल्या, तरी माता मधोमध आणि संत दोहो बाजूंना अदबीने उभेच. फ्लॉरेन्समधील एका भिंतीवर, अचूक यथादर्शनात, एकच माणूस एकाच चौकटीत तीन ठिकाणी होता.

आणि चित्राचा खर्च करणारे? जुन्या चित्रांत ते संतांच्या पायाशी, गुडघ्याएवढे. नव्या चित्रांत माणसाएवढे वाढले. पण बसलेले तसेच, कडेला, हात जोडून. ते पान मी तीनदा वाचले. माझा साक्षीदार भर कोर्टात फितूर झाला होता.

रविवारी सकाळी सभामंडपात गेलो. पेंटर भिंतीसमोर एकटाच बसला होता. या माणसाने तालुक्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एके काळी रंगवल्या होत्या.

"फ्लेक्स आल्यापासनं ही एकच भिंत मिळाली, तात्या," तो म्हणाला. "ही पुसली, की ब्रश कायमचा ठिवला."

मी विषय बदलला. "देवाच्या छातीवर भोक कशाला ठेवलेस?"

"तितं खिळा हुता. त्येला दोरी बांधून समद्या रेघा मारल्या. धरा हिकडनं."

त्याने दोरीचे एक टोक बोटाने भोकावर दाबून धरले. दुसरे मी चित्रातल्या फरशीच्या रेघेवर ताणले. रेघ नेमकी भोकात गेली. मग दुकानांची रांग. मग उसाच्या ट्रॉल्यांची रांग. सर्व रेघा सगळीकडून येऊन देवाच्या छातीत मिळत होत्या. पुस्तकात अगदी हेच होते : नव्यांनी भूमिती आणली आणि तिच्या सर्व रेघा जुन्यांच्या देवाकडेच वळवल्या.

"म्हणजे नियम तुला ठाऊक होता," मी ओरडलो. "मग देव मागे असून एवढा मोठा कसा?"

"मागं हाय म्हून बारीक काढू? मंग पाया कोन पडंल?"

"आणि मी?"

"तुमी लई म्होरं हाय. मापानं काढलं आसतं तर देव झाकला आसता, आन् लोकांनी तुमच्याच म्होरं नारळ फोडलं आसतं."

मी दोरी गुंडाळून त्याच्या हाती दिली.

सोमवारी चुना भिजवून तयार होता. मी माझ्याच अर्जावरील ठरावाला तोंडी हरकत घेतली.

"आवो, अर्ज तुमचाच की!" अध्यक्ष म्हणाले.

"म्हणूनच. अर्जदार हितसंबंधी आहे. शिवाय पेंटरला नोटीस नाही, त्याचे म्हणणे ऐकलेले नाही. ठराव कायद्याने टिकत नाही."

मी पुस्तक उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी जुन्या चित्राच्या पानावर बोट ठेवले. "ह्यो खाली गुडघ्याएवढा कोन?"

"चित्राचा सगळा खर्च केला तो."

"सगळा खर्च करून एवढाच?" त्यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिले. तिथे ते स्वतः देवाच्या मांडीपर्यंत पोचले होते. "मंग आपलं झ्याक हाय. पर लिहून द्या तुमची चूक झाली म्हून. न्हाईतर उद्या परत अर्ज कराल."

चाळीस वर्षे इतरांचे कबुलीजबाब उतरवून घेतले. स्वतःचा एकही नव्हता. मी लिहिले : 'अर्जदाराचा गैरसमज झाला होता.'

"गैरसमज न्हाई," अध्यक्षांनी कागद परत केला. "चूक."

चुनेवाला ब्रश बादलीत बुडवून उभा होता. मी खाडाखोड केली, 'चूक' लिहिले आणि सही केली. चुना बाहेर पाराला फासायला नेला.

खांबाशी उभा असलेला पेंटर पुढे आला. "तात्या, त्येची एक नक्कल मला बी द्या."

मागणी कायदेशीर होती. मी दुसरा कागद घेतला, अक्षर न् अक्षर उतरवून ताडून पाहिले आणि खाली 'खरी नक्कल' असा शेरा मारून सही केली. त्याने ती माझ्याकडून मोठ्याने दोनदा वाचून घेतली.