संपदाचा राहिलेला पेपर

संपदा गेली त्याला आज वर्ष झालं, आणि मी अजून तिच्यावर जळते.

गेलेल्या माणसाबद्दल फक्त गोड लिहायचं, ही पद्धत मला मान्य नाही. मेलं की माणूस गुळगुळीत होतो का? संपदा नव्हती गुळगुळीत. मी तर नाहीच.

जर्मनीत हायडेलबर्गला ग्रीक आणि लॅटिन शिकायला आलेल्या आम्ही दोघीच मराठी मुली. ती अकोल्याची, मी साताऱ्याची. बाकी सगळं मराठी जग इथे मेकॅनिकल, नाहीतर आयटी.

पहिल्याच गणपतीत एका काकांनी विचारलं, "ग्रीक-लॅटिन शिकून नोकरी कुठे लागते?"

मी पेटले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा संताप त्याच्याच शब्दांत वाचता येणं म्हणजे काय, यावर हातात प्लेट घेऊन दहा मिनिटं बोलले.

संपदा म्हणाली, "लागत नाही हो काका. म्हणून तर घरच्यांनी इतक्या लांब पाठवलं."

सगळे हसले. काकांनी तिलाच आणखी एक मोदक वाढला.

माझी दहा मिनिटं. तिचं एक वाक्य.

वर्गातही तेच. मी तीन रंगांच्या पेनांनी क्रियापदांचे तक्ते करायचे. ती नेकार नदीच्या काठाने चालत, पाढे म्हणावेत तशी रूपं म्हणायची, आणि तिला ती यायची.

तिने भाषांतर केलं की प्रोफेसर म्हणायचे, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर.
माझं झालं की "आल्झो...", म्हणजे "तर मग...", म्हणत चष्मा पुसायचे.

"भाषणबाई, तू वाक्याशी भांडतेस," ती मला म्हणायची. "त्यालाही जरा बोलू दे की."

खरं होतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

मग पाचव्या सेमिस्टरचा लॅटिनचा पेपर आला. आधी न वाचलेल्या उताऱ्याचं भाषांतर. वर्षातून एकदाच होणारा.

इथे परीक्षेआधी पोर्टलवर नाव नोंदवावं लागतं, आनमेल्डुंग. तारीख गेली की विषय संपला.

मेन्सात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमध्ये, जेवताना तिने विचारलं, "अगं, माझं आनमेल्डुंग राहिलंय. उशिरा करता येतं ना? आमच्या अकोल्याच्या कॉलेजचे क्लार्क तर घरी फोन करून फॉर्म भरून घ्यायचे."

शेवटचा दिवस तोच होता. मला माहीत होतं.

मी म्हणाले, "येत असेल. बघ निवांत."

इतकं कमी मी आयुष्यात कधी बोलले नाही.

परीक्षेच्या दिवशी यादीत तिचं नाव नव्हतं. तिला दारातूनच परत पाठवलं.

तीन तासांनी मी बाहेर आले, तर ती कॉरिडॉरमध्येच बसलेली.

"कसा गेला? दाखव ना उतारा!"

तिने माझ्या हातातून कागद घेतला आणि उभ्या उभ्या, डिक्शनरीशिवाय, अख्खा उतारा मराठीत सांगितला. मी जिथे अर्धा तास अडकले होते, तिथे ती थांबलीसुद्धा नाही.

"काय भारी लिहितो गं हा माणूस," ती म्हणाली.

परीक्षा हुकलेली मुलगी, आणि खूश.

वर्गातला सगळ्यात चांगला ग्रेड मला मिळाला. ती आत नव्हती म्हणून.

पुढच्या वर्षीच्या परीक्षेला तीन आठवडे उरले असताना तिची सायकल वळणाऱ्या ट्रकखाली आली.

प्रबंध झाला होता. बाकी सगळं झालं होतं. डिग्रीला तो एकच पेपर राहिला होता.

तिची आई सामान न्यायला आली, तेव्हा तिने विचारलं, "एकच कसा राहिला गं?"

"इथले नियम फार कडक आहेत, काकू."

वक्तृत्वाच्या ढाली जिंकणारी मी. सत्यासाठी घसा फोडणारी मी. एवढंच बोलले.

परवा काकूंना फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला एकटीला कशाला सांगतेस? भाषणं करतेस ना? सगळ्यांना सांग."

सांगितलं, काकू.

संपदा, माफी मागत नाही. ती द्यायला तू नाहीस.

तुझ्याइतकं मला कधीच येणार नाही, हे त्या कॉरिडॉरमध्ये कळलं होतं. आजही सहन होत नाही.

हेव्यासकट श्रद्धांजली.