आईंची गोष्ट, निखिलच्या ब्लॉगवर

“बरं झालं बाई, डॉक्टर आपल्यातला मिळाला.”

हॉस्पिटलच्या पलंगावर बसून, निखिलच्या गालावरून हात फिरवत माझ्या सासूबाई असं म्हणाल्या होत्या.

त्याच निखिलने पुढे त्यांना चव्हाट्यावर आणलं.

आज आमच्या या आईंना, सासूबाईंना, जाऊन वर्ष झालं.

किती वर्षं वाट पाहून, चाळिशीला टेकल्यावर मला दिवस गेले. आई पुण्याहून इथे अमेरिकेत बाळंतपणाला आल्या. बॅगेत साड्या कमी; डिंक, अळीव, खारीकच जास्त. एअरपोर्टवरच्या कस्टम्सवाल्याला डिंक म्हणजे काय, ते मराठीत समजावून आल्या होत्या.

एडिसनच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये तान्ह्या ओवीला धुरी दिली की स्मोक अलार्म बोंबलायचा. आई त्याला टॉवेलने वारा घालत दम द्यायच्या, “गप रे मेल्या, बाळ झोपलंय!”

खोकला तेव्हाच सुरू झाला होता.

“आई, डॉक्टरकडे जाऊ या.”

“डिंक तळताना धूर गेला गं घशात. चाळिशीची बाळंतीण तू, गप पडून राहा.”

शेवटी श्वास लागला, तेव्हा इमर्जन्सीत नेलं.

हॉस्पिटलवाले इंटरप्रिटर देत होते. आम्हीच नको म्हटलं. मराठी मंडळातल्या मीनाताईंचा निखिल तिथेच रेसिडेंट डॉक्टर होता. इथेच जन्मलेला, मराठी मोडकं, पण गोड. “आपला निखिल आहे ना,” म्हणून नवरा कार पार्क करायला गेला. मी ओवीला पाजायला बाहेर आले.

आई त्याच्याशी एकट्याच बोलल्या. त्याने “आजी” म्हणून हाक मारली होती. त्या नातवाशी बोलल्या, डॉक्टरशी नाही.

कॅन्सर होता. स्तनाचा, फुप्फुसापर्यंत पसरलेला.

“आधी कसं कळलं नाही रे?” मी निखिलला विचारलं होतं.

“Hard to say, शुभामावशी.”

ओवी अजून बसायलाही लागली नव्हती, तेव्हा आई गेल्या.

मग मंडळाचा गणपती आला. आरतीनंतर प्रसादाच्या लाइनीत एक ओळखीच्या काकू म्हणाल्या, “निखिलचा तो ब्लॉग तुझ्या सासूबाईंवरच आहे ना? काय सुंदर लिहिलंय! मी सगळ्यांना फॉरवर्ड केला.”

घरी येऊन वाचला. सगळा इंग्लिशमध्ये.

नाव नव्हतं. ‘मिसेस के.’ होतं. पण बॅगेतला डिंक होता. पुण्याची सासू होती, चाळिशीतली सून होती. अख्ख्या एडिसनमध्ये अशा आम्ही किती असणार?

आणि मला माहीत नव्हतं तेही होतं. गाठ आईंना पुण्यातच हाताला लागली होती. तिकीट कॅन्सल होईल, म्हणून कोणालाच सांगितलं नाही. ‘सुनेला कळू देऊ नकोस,’ असं त्यांनी निखिलला बजावलं, हेसुद्धा त्याने लिहिलं होतं.

खाली कॉमेंट्सची रांग. कोणी रडलंय, कोणी हार्ट काढलंय. एकीने विचारलंय, सुनेला हे माहीत आहे का?

निखिलचं उत्तर: नाही. कधी कळू नये, हीच इच्छा.

मी फोन केला.

“निखिल, तो लेख काढून टाक.”

“मावशी, पण नाव नाहीये ना त्यात. It's de-identified.”

“मंडळातल्या सगळ्यांनी ओळखलंय.”

“बट इट्स हेल्पिंग पीपल, मावशी. मला दुसरे रेसिडेंट्स लिहितात की they cried.”

मीनाताई नंतर कौतुकाने सांगत होत्या, फेलोशिपच्या इंटरव्ह्यूत त्याला त्या लेखाबद्दलच विचारलं. आता मेडिकल स्टुडंट्सपुढे तो एम्पथीवर बोलतो. पहिली स्लाइड आमच्या आईंची.

पेशंटला आजी म्हटलं की ती मन मोकळं करते, एवढं तो नक्कीच शिकवू शकेल.

ओवी आता घरभर पळते. तिला मांडीवर घेतलं की आईंची ती गाठ माझ्याच हाताला लागल्यासारखी वाटते. त्यांनी पुण्यातच सांगितलं असतं, तर आज आई असत्या का? हे मी कोणाला विचारू?

आई, आज पानात तुमच्या आवडीची अळूची भाजी वाढली. हात जोडले, आणि तुमच्याशी काय बोलायचं तेच सुचेना.

निखिल, तू हे वाचशील. ब्लॉग राहू दे, स्लाइडही राहू दे.

तू लिहिलंयस, ‘तिला सुनेच्या आनंदावर विरजण घालायचं नव्हतं.’ हे तुझं इंग्लिश आहे. आमच्या आई अशा बोलायच्या नाहीत. त्या रागावून बोलल्या की हसून? माझ्यावर चिडल्या होत्या का? मला बोल लावला का?

त्या खोलीत त्या मराठीत काय म्हणाल्या, तेवढंच मला सांग. त्यांच्या शब्दांत. मोडकंतोडकं चालेल.

मला माहीत आहे तू काय म्हणशील.

सॉरी मावशी, पेशंट प्रायव्हसी.

तरी विचारते आहे.