दसऱ्यानंतर धाप लागलेली गाडी

आरोप आधी सांगते. माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, पर्वत पाटियाच्या एका कापडवाल्या शेठच्या परदेशी गाडीत खोटा पार्ट बसवला आणि खरा लाटला, असा. पुरावा काय? दसऱ्याआधी गाडी दादाच्या हाताखालून गेली होती, दसऱ्याला तो सुट्टीवर होता आणि दसऱ्यानंतर ती बिघडली. झालं! आमच्या घरी तो दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा. पांढरे कपडे घालून आम्ही सगळे वंदनेला गेलो होतो. ज्या दिवशी माणूस गाडीजवळ नव्हताच, त्या दिवसाचा गुन्हा त्याच्या माथी! भेस्तानच्या त्या गॅरेजात दादाची नऊ वर्षं गेली होती. मालक म्हणाला, संध्याकाळपर्यंत दोष दाखव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. कामगारांच्या एका मंडळासाठी पत्रकं लिहायचे. सकाळचा चहा उकळेपर्यंत माझं एक लिहून झालं, मथळ्यावर तीन उद्गारचिन्हं. दादाने ते वाचलं.

"छान आहे. आता चपला घाल. इंग्रजी वाचायला माणूस पाहिजे."

गाडीबरोबर एका जाड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स आली होती. तिच्यामुळे मला कळलं की या इंजिनात पिस्टन नाहीतच. एका डब्यात फुगीर बाजूंचा त्रिकोण गरगर फिरतो, बस! मला ते इतकं आवडलं की मी अन्याय क्षणभर विसरलेच. वेग वाढला की या त्रिकोणाला जास्त हवा लागते, म्हणून बाजूला एक जादा झडप. झडप उघडते एका दांडीने. दांडी ओढते एक डबी. डबीला बारीक रबरी नळीतून व्हॅक्यूम मिळतो, आणि तो सोडायचा की अडवायचा हे ठरवतो सोलेनॉइड, विजेवर चालणारा एक चिमुकला पहारेकरी.

गाडीची तक्रार एकच होती. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या पुढे गेला की तिला धाप लागायची.

मी बॉनेटशेजारी उभी राहून सभेत वाचावं तसं मोठ्याने वाचू लागले. शेठचे ड्रायव्हरकाका हात जोडून ऐकत होते, जणू पोथीच चाललीय.

"डबीची नळी तोंडात धर आणि ओढ," दादा म्हणाला.

"मी?"

"शोषण शोषण ओरडतेस ना रोज? आता शोष."

मी गाल आत घेऊन जोर लावला. दांडी सुर्रकन हलली! मी सोडलं, ती परत गेली. पुन्हा ओढलं, पुन्हा हलली. चार-पाच वेळा तरी केलं असेल, शेवटी हसू फुटून माझा श्वासच सुटला. म्हणजे झडप अडकलेली नव्हती. मग दादाने सोलेनॉइडला बॅटरीच्या दोन वायरी लावल्या. टिक. वीज असताना माझी फुंकर आरपार, वीज काढली की बंद. तोही निर्दोष. आणि दोन्ही पार्ट अस्सल. कंपनीचा नंबर मी स्वतः पुस्तकाशी ताडून पाहिला.

"दोघं निर्दोष! मग गुन्हेगार कोण?" मी ओरडले.

"थांब, पुढारीण." इंजिन चालू ठेवून दादाने व्हॅक्यूम निघतो त्या तोंडावर अंगठा ठेवला. अंगठा चिकटला. मग नळी तिथे परत बसवली आणि तिच्या दुसऱ्या टोकावर, सोलेनॉइडपाशी, अंगठा ठेवला. काहीच नाही. तो नळी चाचपत मागे गेला, हात कोपरापर्यंत आत, आणि एकदम थांबला. आरसा धरून पाहिलं, तर नळ्यांच्या जुडग्याला लाल नाडाछडी, दसऱ्याच्या पूजेचा दोरा. सात वेढे, वर घट्ट गाठ! रबर तापून मऊ पडलं की दोरा ते पार आवळून टाकायचा.

ड्रायव्हरकाकांचा चेहरा उतरला. "बाकीच्या गाड्यांना स्टिअरिंगला बांधतो," ते हिंदीत पुटपुटले. "ही एवढी भारी गाडी. म्हटलं, काळजालाच बांधू."

मी कात्री उचलली. "पूजानी गांठ छे, बेन! कपाय नहीं!" काका ओरडले. मालकही मागे सरकला. शेवटी दादाच ती गाठ नखाने सोडवत बसला, मोजून वीस मिनिटं, आणि दोरा अख्खाच्या अख्खा काकांच्या हातात दिला.

मग आम्ही सचिन गावाच्या रस्त्यावर गाडी काढली. काटा चारवर आला, आणि पाठीत कोणीतरी प्रेमाने धपाटा घालावा तशी ती सुटली! मी किंचाळत होते, काका देवाचं नाव घेत होते, दादा दात काढून हसत होता.

परत आलो तर मालक म्हणाला, "चालो, काले आवजे." उद्या ये. एवढंच!

"एवढंच नाही," मी म्हटलं. "चोर म्हणालात ते सगळ्यांसमोर. आता शेठला फोनही सगळ्यांसमोर."

त्याने फोन लावला. "कारागिराची चूक नव्हती, शेठ." पुढचा प्रश्न आम्हा सगळ्यांना ऐकू आला: मग कोणाची? मी काकांकडे पाहिलं. माझ्या पत्रकातला गुन्हेगार कधीच ड्रायव्हर नव्हता. दादा म्हणाला, "सांगा, नळी दबली होती. मोकळी केली." पण काकांनी रिसीव्हर हातात घेतला आणि म्हणाले, "शेठ, गांठ में बांधी हती." गाठ मी बांधली होती.

पलीकडून असं खदखदून हसू आलं की काकांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. "अरे, एने श्वास तो लेवा दे!" अरे, तिला श्वास तरी घेऊ दे!

मालकाने दादाकडे न बघता पुढच्या टेम्पोची किल्ली त्याच्यासमोर ठेवली. दादाने ती उचलली नाही. नुसता उभा राहिला. शेवटी मालकाने मान वर केली आणि म्हणाला, "माफ कर, भाई."

तेव्हा त्याने किल्ली उचलली.