बंगाली समजणारी बैलजोडी

आमच्या अणदूरच्या गुरुसिद्धप्पांना कलकत्त्याला भावाकडं जायचं होतं. लढाईवरून कलकत्त्यामार्गे परतलेल्या रसूलनं त्यांना ट्रामपुरती बंगाली शिकवली. ‘चोलुन’ म्हणजे चला, ‘एइखाने थामुन’ म्हणजे इथं थांबा. निजामाच्या मुलखात कुठली आलीय ट्राम! अप्पांनी सराव केला तो पहिल्यांदाच जुंपलेल्या नव्या बैलजोडीवर. मग प्रवासखर्चासाठी तीच जोडी माकणीच्या वजीरला विकून, स्वतः हाकत पोचवली.

आठवड्यात वजीर दारात. “अप्पा, बैल बहिरे हायत का? शिव्या घातल्या तरी जागचे हलंनात!”

अप्पा माकणीला गेले. ‘चोलुन’ म्हणताच बैल निघाले. मग वजीरला शिकवणं आलं. वजीर लवकर शिकला.

“एवढी शिकलोय, ती वाया कशाला घालवू?” म्हणत तोच कलकत्त्याला गेला. त्याचे बैल सांभाळायला, अर्थात, अप्पा माकणीत!