अक्काच्या गाण्याचं शेवटचं कडवं

“अक्का गेल्या,” एवढंच वहिनी संतपूरहून फोनवर बोलली. गंगाअक्का म्हणजे माझी आत्या. रडू नंतर आलं, आधी तिला दिलेला शब्द आठवला. तिच्या गाण्याचं शेवटचं कडवं आता माझ्यावर येऊन पडलं होतं...

ते गाणं ती फक्त पितृपंधरवड्यात म्हणायची, सोयाबीन काढून आलेल्या बाया संध्याकाळी टेकल्या की. माहेरी निघालेली लेक मांजरा नदीत बुडते, तरी दर साली दाराशी येते.

“मांजरंच्या पाण्यानं गं वाट माझी न्हेली,
दार उघड माय, लेक दारी आली...”

आम्हा पोरींच्या अंगावर काटा यायचा, आणि हट्टही आमचाच असायचा! अक्का परसदाराच्या उंबऱ्याआत भाकरी आणि पाण्याचा तांब्या ठेवायची. भाकरी दरवेळी मांजर पळवायचं. मी हसले की म्हणायची, कुणी का खाईना, उपाशी तर न्हाई गेलं. शेवटच्या कडव्यात आई लेकीला जेवू घालून निरोप देते आणि दाराला कडी लावते. ते मात्र अक्का म्हणायचीच नाही, उठून चुलीकडं जायची. तिची लेक नीला लहानपणीच तापानं गेली. तेव्हापासून कडवं राहिलं आणि त्या दाराला कडी लावणंही. चोरांची भीती घालून घालून तिचा मुलगा, आमचा दादा, पार थकला होता.

उन्हाळ्यात शेवटची भेटले तेव्हा मी मोबाईल काढून कडवं म्हणायचा लकडा लावला. तिनं मोबाईल बाजूला ठेवायला लावला आणि कानाशी हळू आवाजात म्हणून दाखवलं. मग म्हणाली, “मी हाय तवर येऊ दे तिला. मी गेल्यावर कुणाला हाक मारंल ती? तवा तू म्हण, अन् कडी लाव.” मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

परवा सर्वपित्रीला संतपूरला गेले. वहिनीनं भाकरी ठेवली, बाया जमल्या. माझा गळा काही अक्काचा नव्हे, पण शेवटचं कडवं म्हटलं. कडी गंजलेली, हलेना. दादानंच तेल आणून दिलं. लावली एकदाची, आणि फार वाईट वाटलं.

चहा होतोय तोवर बाहेरून मांजर दार खरवडायला लागलं. आम्ही सगळ्या एकमेकींकडं बघत राहिलो. कुणी उठेना. मग जन्मभर त्या दारावरून कुरकुरणारा दादाच उठला, “आलो गं,” म्हणाला आणि त्यानं कडी काढली.