पाच पिवळ्या रेघा

आमच्या गॅरेजात भांडणं माझ्याकडे आणि इंजिनं आत्याकडे, अशी वाटणी आहे. मी काउंटरवर बसते, फोन घेते, चिडलेल्या गिऱ्हाइकाला पाणी देते आणि मग त्याच्याहून जास्त चिडते. आत्या, म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण, मागच्या काचेच्या खोलीत इंजिनं जोडते. चौतीस वर्षं जोडतेय. त्या खोलीत बाहेरची चप्पल घालून कुणी पाऊल टाकलं तर मालकांचीसुद्धा ती गय करत नाही.

तर त्या मंगळवारी सकाळी आत्याची लाल पेटी, तिच्या सगळ्या हत्यारांची पेटी, मला गाड्या धुण्याच्या शेडमध्ये पाइपाशेजारी पडलेली दिसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मीच हलवली," मालक म्हणाले. माणूस वाईट नाही, पण वारा येईल तिकडे पाठ फिरवणारा. "दातांच्या डॉक्टरांची गाडी टो करून आणतायत. इंजिन गेलंय. आठ महिन्यांपूर्वी ताईंनीच जोडलेलं."

"मग?"

"मग काय! ताईंचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे सगळ्यांना माहितीये. इंजिन ताईंमुळे गेलं असं डॉक्टरांनी त्यांच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलंयसुद्धा. उद्या इंजिन खोलू. चूक ताईंची निघाली तर यापुढं त्यांनी ऑइल बदलायचं, फिल्टर बदलायचे. इंजिनाचं टेबल बंद."

आत्या मागंच उभी होती. तिनं ऐकलं, आणि शेडमध्ये जाऊन पेटीवर उडालेलं पाणी पुसायला लागली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

डॉक्टरांची गाडी दिसायला अगदी साधी, भाजी आणायला न्यावी अशी. पण आतलं इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत किंचाळतं. डॉक्टर आठवडाभर तिच्यातून दवाखान्यात जातात आणि रविवारी शहराबाहेरच्या ट्रॅकवर तिला पिदाडतात. त्यांच्याबरोबर कायम एक ट्यूनिंगवाला असतो, इंजिनात फेरफार करून गाडीचा वेग वाढवून देणारा. गाडी अजून आली नव्हती, पण या गृहस्थानं फोनवरच निदान करून टाकलं होतं: ऑइल पंपाच्या मागच्या पट्टीचे स्क्रू ढिले राहिले, तेलाचं प्रेशर गेलं, बेअरिंगं जळली. खापर फोडायला डोकं तयारच होतं.

आता त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं, हे मला कबूल करायला हवं. या इंजिनात ऑइल पंप पुढच्या तोंडाशी, थेट मुख्य शाफ्टच्या टोकावर बसतो आणि सगळीकडे तेल पोचवतो. तो थांबला की धातूवर धातू घासतो आणि मिनिटभरात होत्याचं नव्हतं होतं. आणि त्याची पट्टी पाच स्क्रूंवर असते. ते ढिले राहण्याचे प्रकार घडतात.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी आत्याच्या डोळ्यात थेंब घालत होते. मान मागे टाकून, डोळे मिटून ती म्हणाली, "मला ते पाच स्क्रू आठवतच नाहीत गं."

"चौतीस वर्षांतले कुठले स्क्रू आठवतात तुला?"

"तसं नाही. तेव्हा ऑपरेशन व्हायचं होतं. डाव्या डोळ्यानं सगळं धुरकट दिसायचं. मी कुणाला सांगितलं नाही. हाताच्या अंदाजानं ओढून नेलं." थेंब गालावर ओघळला तो तिनं पुसला नाही. "माझ्यामुळे गेलं असेल तर मी स्वतःच टेबल सोडीन. मालकांनी सांगायची गरज नाही."

मी घाबरले. साफ घाबरले. या बाईनं आयुष्यात दुसरं काही केलेलंच नाही. चौदाव्या वर्षी तिनं बाबांच्या मोपेडचं इंजिन खोललं, परत जोडलं, आणि एक बोल्ट हातात उरला. बाबांनी मोपेड चार किलोमीटर ढकलत घरी आणली आणि ती गोष्ट ते अजून सांगतात. तेव्हापासून आत्यानं कानाला खडा लावला. प्रत्येक बोल्ट घट्ट केला की लगेच त्याच्या डोक्यावरून खालच्या धातूवर एक सलग रेघ ओढायची, आजीच्या नेलपॉलिशनं. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. आता आजी नाही, पण पिवळी नेलपॉलिश आत्या डझनावारी आणते. दुकानदारीण समजते की बाई फार हौशी. नखं बघितली असती तर समजली नसती.

बुधवारी सगळे जमले. टेबलाच्या एका बाजूला डॉक्टर, ट्यूनिंगवाला आणि मालक, दुसऱ्या बाजूला आत्या आणि मी. आत्या शेडमधून एकेक हत्यार आणत होती.

"मावशी, सावकाश," ट्यूनिंगवाला म्हणाला. मावशी म्हटलं की अक्कल शिकवायला मोकळे!

सगळ्यात आधी शाफ्टच्या टोकावरची पुली निघाली. निळी, चकचकीत. आत्यानं ती तळहातावर दोनदा उडवून पाहिली, बाजूला ठेवली. मग पुढचं कव्हर निघालं, आणि काळ्या तेलानं माखलेला पंप बाहेर आला. तिनं त्याची मागची बाजू धुतली, पुसली आणि न बघताच माझ्यापुढं धरली.

"तू बघ."

मी वाकले. एक. दोन. तीन. चौथ्यावर तेलाचा थर होता, तो पदरानंच पुसला. चार. पाच.

"पाचही रेघा सलग आहेत!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर गाडी धुणारा आत आला, चपलांसकट. "आत्या, एकही हललेला नाही!"

आत्यानं पंप माझ्या हातातून घेतला आणि मग स्वतः पाहिलं. मग तिनं पट्टी उघडली. आतल्या दात्यांच्या चक्राचे तीन तुकडे झाले होते. तिनं ते पांढऱ्या फडक्यावर मांडले.

"म्हणजे पंपच खराब निघाला," ट्यूनिंगवाल्यानं लगेच पवित्रा बदलला. "बसवला कुणी? यांनीच."

"माझी पुली कुठाय?" आत्यानं विचारलं. आता आवाज रोजचा होता.

"कुठली?"

"मी जोडून दिली तेव्हा इथं जाड, वजनदार पुली होती. मधे रबराची कडी असलेली. ही निळी माझी नाही."

डॉक्टर ट्यूनिंगवाल्याकडे बघायला लागले. "ती जड म्हणून यानं काढली. वजन कमी, तर इंजिन पटकन फेऱ्या घेतं म्हणे. जुनी मी दवाखान्यात ठेवलीय. दार आपटू नये म्हणून."

"घेऊन या."

डॉक्टर स्वतः गेले. वीस मिनिटांनी पुली आली. आत्यानं दोन्ही पुल्या तारेनं टांगल्या आणि निळीवर पान्याची टिचकी मारली. टणणण! मी मनात दहा मोजले तरी ती वाजतच होती. मग जुनीवर मारली. थप्प. संपलं.

"डॉक्टर, झोपेत दात खाणारे पेशंट येतात ना तुमच्याकडे?"

"रोज."

"त्यांना काय देता?"

"दातांमधे बसवायला नाइटगार्ड. नाहीतर दाढेला तडा जा..." डॉक्टर तिथंच थांबले. त्यांनी तारेवरच्या पुल्यांकडे पाहिलं, फडक्यावरच्या तुकड्यांकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला.

"शाफ्ट जोरात फिरताना थरथरतो. ती थरथर ही रबराची कडी गिळते," आत्या म्हणाली. "ती काढल्यावर सगळे हादरे पंपाच्या चक्राला. ते धातूची भुकटी दाबून केलेलं असतं, सरळ फिरवा तर वर्षानुवर्षं टिकेल, हादरे द्या तर बिस्किट. आणि तुम्ही रविवारी पार आठ हजार फेऱ्यांपर्यंत ताणत होता. मला विचारलं असतंत तर पुली बदलू दिली नसती आणि पंपात पोलादी चक्र घातलं असतं."

फोन आल्यासारखं करून ट्यूनिंगवाल्यानं पाय काढता घेतला. डॉक्टरांनी तिथंच उभ्या उभ्या ग्रुपवर लिहिलं की इंजिन त्यांच्या स्वतःच्या हौसेनं गेलं, आणि आठ महिने चाललं ते बाईंच्या हातामुळे. मी ते चारदा वाचलं, दोनदा मालकांच्या कानाशी.

"ताई, पेटी आत घ्या आता," मालक म्हणाले.

"मी नाही हलवली," आत्या म्हणाली.

त्यांनी ट्रॉली आणि दोन माणसं पाठवली. तिनं दोघांना चहा पाजून परत पाठवलं. तीन आठवडे ती डॉक्टरांचं इंजिन जोडत होती आणि प्रत्येक पान्यासाठी शेडपर्यंत जात-येत होती. जुनी पुली, पोलादी चक्र, नवी बेअरिंगं, सगळं बसलं. मला वाटायचं, अति करतेय. पण आतून मी फार खूश होते.

सुरू करायच्या दिवशी तिनं आधी स्पार्क प्लग काढून इंजिन नुसतं फिरवलं, तेल सगळीकडे पोचेपर्यंत. मग प्लग लावले आणि डॉक्टरांना चावी फिरवायला सांगितली. इंजिनानं असा आवाज काढला की माझ्या अंगावर काटा आला. गेल्या दोन वर्षांत प्रेशरचा काटा ती मला वाचायला लावायची. मी पुढं झाले.

"थांब. चारला एक रेघ कमी," ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरून म्हणाली.

मी वाकून पाहिलं. चारला एक रेघ कमी.

मागं धाप लागल्याचा आवाज आला. मालक होते. लाल पेटी दोन्ही हातांत, चेहरा पेटीहून लाल, पाय अनवाणी. त्यांनी ती तिच्या जागी, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली आणि कंबर धरून उभे राहिले. आत्यानं पेटी दोन बोटं डावीकडे सरकवली. मग खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली, आणि पेटीच्या कडेवरून खाली टेबलावर एक सलग पिवळी रेघ ओढली.