तुळसाबाईनं शिकवलेला खेळ

रविवारी दुपारी तुळसाबाई दारात उभी राहून नवऱ्याच्या हातातली काठी पाहायची. काठी खांद्यावर असली तर ती ताट वाढायला घ्यायची. काठी जमिनीवरून फरफटत येत असली तर लेकीला, नलूला, शेजारच्या धनीबाईकडे पिटाळायची, उकळतं वरण चुलीवरून उतरवून कोपऱ्यात झाकून ठेवायची आणि पितळी तांब्या फडताळात लपवायची. मग पदर खोचून उभी राहायची.

तिचा नवरा पुंडलिकराव राजूरजवळच्या एका कोळसा खाणीवर हजेरीबाबू होते आणि खाणीच्या घरांच्या लाईनीत राहत. सत्तावन्न साली तिथं नवा मॅनेजर आला. त्यानं खाणीमागचं माळरान साफ करवून गोल्फचं मैदान केलं. गवत कुठून आणणार? भोकांभोवती जळक्या तेलात कालवलेली वाळू थापली, झालं. साहेबाला खेळायला जोडीदार हवे होते, म्हणून बाबू लोकांना त्यानं आपल्या जुन्या काठ्या वाटल्या. ज्याचा खेळ चांगला, त्याच्याशी तो हसून बोलायचा. पुंडलिकरावांचा चेंडू जागचा हलायचा नाही. काठी मातीत घुसायची आणि ढेकूळ उडायचं.

"पुंडलिकराव, वांगे लावून राह्यले काय जी?" स्टोअरकीपर रामलाल ओरडायचा, आणि साहेबासकट सगळे हसायचे.

ते हसू पुंडलिकराव घरी घेऊन यायचे. त्याच काठीच्या मुठीनं त्यांनी तुळसाबाईच्या डाव्या हाताची करंगळी मोडली. ती वाकडीच जुळली. एकदा कानशिलावर असा तडाखा बसला की त्या कानानं तिला पुन्हा ऐकूच आलं नाही. ती बोरी अरबला माहेरी गेली, तर भाऊ म्हणाला, "चार दिवस राह्य, मंग वापस जाय."

धनीबाई साहेब लोकांच्या क्लबात कपबशा धुवायची. ती म्हणायची, "लाईनीत सगळ्याइले आवाज येते माय. पन कोनी पाह्यलं हाये काय? पाह्यल्याबिगर कोन बोलन?"

तुळसाबाई सोसत राहिली. पण एका रविवारी नलू पाटी न्यायला मध्येच घरात आली, आणि आईवर उगारलेली काठी तिच्या नडगीवर बसली. कातडी फाटून हाड दिसलं. नऊ वर्षांची पोर. ओरडली नाही, नुसती आईकडे पाहत राहिली. जखमेत हळद दाबताना तुळसाबाईनं ठरवलं, या माणसाला खेळ आला पाहिजे. दुसरा उपाय तिच्या हातात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकराव अंगणात चेंडू ठेवून काठी फिरवत होते. ती भांडी घासत होती.

"एक सांगू काय जी?"

"तुले काय समजते व यातलं?"

"तुमी चेंडूले काठी लागाच्या आंधीच वर पाह्यता. कुठी गेला म्हनून. मले मारता तवा नाई पाह्यत. जथी मारा लागते तथीच नजर राह्यते तुमची. खांदा वळते, पन डोकं हालत नाई. तसंच मारा."

पुंडलिकरावांनी तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. तिथं टोमणा नव्हता. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं तिनं सांगितलं होतं. त्यांनी मान खाली घातली, काठी उचलली आणि हाणली. चेंडू कुंपणावरून सुसाट गेला आणि धनीबाईच्या तुरीत पडला.

"आता हाये बरोबर," ती म्हणाली आणि पुढची कढई ओढली.

मग रोज सकाळी तेच. ती उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसायची आणि खडे फेकता फेकता म्हणायची, "पाह्यलं वर." ते चिडायचे, पण ऐकायचे. हळूहळू माती उडणं थांबलं. रामलालची बोलती बंद झाली. रविवारी काठी खांद्यावरून येऊ लागली.

पण मार गेला नाही. तो बुधवारी आला, भाकर करपली म्हणून. शुक्रवारी आला, शेजारणीशी हसली म्हणून. आणि तोही सुधारला होता. पूर्वी काठी कुठंही पडायची. आता ती बरोबर मांडीवर, पोटरीवर, लुगड्याखाली झाकलं जाईल तिथंच बसायची. हा हात आपणच बसवून दिला, हे तुळसाबाईला कळत होतं.

दिवाळीनंतर दुसऱ्या एका खाणीच्या लोकांशी सामना झाला आणि पुंडलिकराव जिंकले. क्लबाच्या ओट्यावर चहा-चिवडा, बायकापोरांनाही बोलावणं. सकाळीच, नवा चेंडू हाताळला म्हणून त्यांनी नलूला झोडपलं होतं. ती एका पायावर भार देऊन आईला टेकून उभी होती. मेमसाहेबांनी चांदीचा पेला पुंडलिकरावांच्या हातात दिला.

"इतना अच्छा कहाँ सीखा, पुंडलिक?"

"घरीच, मॅडम. रोज सकाळी," ते ऐटीत म्हणाले.

"म्या शिकवलं," तुळसाबाई म्हणाली. एक कान गेल्यापासून तिचा आवाज मोठाच निघायचा. "मले मारता तसं चेंडूले मारा म्हटलं. मले मारताना याइचं डोकं हालत नाई. तवापासून जमलं." तिनं नलूचा परकर गुडघ्यापर्यंत उचलला. "हे आजचं हाये. सकायचं."

साहेब आपल्या कपात पाहू लागला. रामलाल हसायला गेला आणि ते हसू तोंडातच राहिलं. मेमसाहेबांनी बशी खाली ठेवली. मोरीपाशी बसलेली धनीबाई हात पुसत उठली.

पुंडलिकराव दोघींना पुढं घालून घरी निघाले. घरात शिरताच त्यांनी पेला चुलीकडे भिरकावला, तुळसाबाईचा अंबाडा धरला आणि तिला भिंतीवर आपटलं. कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरलं. नलू कोपऱ्यात अंग चोरून बसली. त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली, खांदा वळवला.

दारातला उजेड कमी झाला. धनीबाई उभी होती. तिच्या मागे लाईनीतल्या बायका, कुणाच्या कडेवर पोर, कुणाचे हात पिठाचे. कोणी आत आलं नाही.

"काहून आल्या व तुमी?" पुंडलिकराव ओरडले.

"पाह्याले," धनीबाई म्हणाली. "मारा ना जी. आमी पाहून राह्यलो."

काठी वरून निघाली, पण निघता निघता त्यांची मान दाराकडे वळली. काठी तुळसाबाईच्या डोक्याला चुकवून शेजारच्या रांजणावर बसली. रांजण फुटला. पाणी त्यांच्या पायांमधून उंबऱ्याकडे निघालं.

तुळसाबाईनं पदरानं डोळ्यातलं रक्त पुसलं.

"पाह्यलं वर," ती म्हणाली.